पारूच्या पोराचे वजन

पारूचे मूल मी पाहिलेले नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण हा किस्सा सांगणारे बाकीचे सगळे "आम्ही पाहिलं" असेच म्हणतात! मी त्याचे फक्त वजन केले.

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीच्या पूर्वेला खडी फोडण्याचे सरकारी काम चालू होते आणि कामाच्या कडेलाच आमचे पोषण केंद्र होते. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुले यांना अर्ज मंजूर झाल्यावर तिथे सुकडी हा पिठागुळाचा कोरडा खाऊ आणि पावडरीचे दूध मिळे. आहारशास्त्राची पदवी घेऊन मी तिथे पर्यवेक्षिका म्हणून रुजू झाले. मदतनीस कोंडाबाई गावातलीच. जीपचे ड्रायव्हर शेखभाई नगरचे. अशा जागी किस्से साठायला वेळ लागत नाही. एकाने सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि दर खेपेला तो थोडा वाढलेला असतो. मी इथे सांगते ते न वाढवता.

*

अर्जासोबत मुलाचे वजन लागे. लिंबाच्या फांदीला काटा टांगलेला, त्याखाली झोळी. पहिल्याच दिवशी मी एका बाळाचे वजन मोठ्याने वाचले, तशा साऱ्या बाया मागे सरकल्या. ती आई तर मूल उचलून चालूच लागली!

"बाई, आसं बोलू न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "लेकराचं वजन हवेला सांगत्यात व्हय?"

"मग कोणाला सांगायचं?"

"तुमी मनात वाचा. हवेचं मी बघते."

तेव्हापासून पद्धत ठरली. मी आकडा मुकाट्याने टिपायचा आणि त्याच क्षणी कोंडाबाईने आभाळाकडे तोंड करून ओरडायचे, "धोंडा हाय गं, धोंडा!" म्हणजे ऐकणारे जे कोणी असेल त्याने दगड समजून निघून जावे. अर्ज भराभर येऊ लागले. मीही हरकत घेतली नाही. आकड्यांत त्याने काही फरक पडत नव्हता.

*

जनावरे सगळी चाऱ्याच्या छावणीवर गेली होती. गावात गाय नाही, म्हैस नाही. पावडरीच्या दुधाचा पहिला हंडा उकळला तेव्हा एक म्हातारी बराच वेळ त्यात बघत राहिली.

"गाय न्हाई, म्हस न्हाई. मंग ह्ये दूद कुनाचं?"

मी तिला निर्जलीकरणाची प्रक्रिया समजावून सांगितली. माझे बोलणे संपते न संपते तोच मागच्या रिकाम्या गोठ्यातून वासरू हंबरले. एकदाच, पण स्पष्ट. शेखभाई जाऊन पाहून आले. दावे होते, खुंटा होता, वासरू नव्हते.

"बाई," ते हात पुशीत म्हणाले, "पावडरवाल्यांना लिहा. वासरू वेगळं पाठवत जा म्हणावं!"

म्हातारी मात्र दूध प्यायली. "मालक हाय त्याला," असे म्हणाली.

*

बायांना काम सोडून रांगेत थांबता येत नसे. म्हणून सकाळीच प्रत्येकीने आपल्या लुगड्याची चिंधी बांधलेला एकेक दगड ओळीत ठेवून जायचे. दुपारी सुट्टी झाली की ज्या त्या बाईने आपला दगड उचलायचा आणि त्या जागी उभे राहायचे. एकदा एक दगड तसाच राहिला. चिंधी हिरवी. कोणी तो उचलेना, कोणी त्या जागेत पाऊलही टाकेना.

"कोणाचा हा?" मी विचारले.

"यील की ती," एवढेच उत्तर मिळाले.

नेमके त्याच दिवशी जिल्ह्याचे साहेब पाहणीला आले आणि बोलता बोलता त्या मोकळ्या जागेत उभे राहिले. मागची बाई अगदी हळू आवाजात म्हणाली, "सायेब, वाईच सरका. ती दमलीया."

साहेब विज्ञानाचे द्विपदवीधर. सरकले!

*

पारू आली ती कुंची घातलेले गाठोडे उराशी धरून. गालफडे बसलेली, उन्हात उभे राहवत नव्हते.

"बाळाचं तोंड दाखव," मी म्हणाले.

"उष्टावन झाल्याबिगर परक्याला दावायचं न्हाई, बाई. सासूबाईची आन हाय."

"मग उष्टावण करा."

"घरात दाना न्हाई. सुकडी मिळंल तवा व्हईल."

तोंड दाखवल्याशिवाय सुकडी नाही, आणि सुकडीशिवाय तोंड दाखवणे नाही. पारू जायला वळली. या बाईला खायला मिळाले नाही तर ती फार दिवस तग धरणार नाही, हे सांगायला पदवीची गरज नव्हती. मी तिला थांबवले. मूल कुंचीसकट झोळीत ठेवून वजन केले. लहान मुलाला शोभेसे होते. कोंडाबाई ओरडली, "धोंडा हाय गं, धोंडा!"

पारू दचकून तिच्याकडे बघत राहिली.

अर्ज मंजूर झाला. पुढे दर वजनाला ती मूल तसेच झाकून आणी. त्या रखरखाटात आमच्या केंद्रावर एवढे एकच मूल नियमाने, पाठ्यपुस्तकातल्यासारखे वाढत होते. पारूच्या गालांवरही मांस धरू लागले. साहेबांना मी मोठ्या अभिमानाने हेच उदाहरण दिले. "त्या मुलाला बघायला हवं," साहेब म्हणाले.

*

म्हणून मी, कोंडाबाई आणि शेखभाई तिच्या घरी गेलो. शेखभाई अंगणातच थांबले. आत पाळणा हलत होता. पारू आडवी आली, पण तोवर मी कुंची बाजूला केली होती.

आत वरवंटा होता. त्याला काजळ लावलेले होते.

"बारशाला पोराच्या आदी वरवंटा घालत्यात, तसा पाळन्यात घातला हुता," सासू भिंतीकडे बघत म्हणाली. "पोरगं त्याच म्हयन्यात गेलं. ह्यो तसाच ऱ्हायला. काडायचा कुनी?"

पारू माझ्या हाताकडे बघत होती. "बाई, आता सुकडी बंद?"

"मूल नसेल तर नियमाप्रमाणे बंदच," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कोरडा वाटला.

"जरा दम धरा," कोंडाबाई मध्ये पडली. "पारे, सांग की गं. तिसरा सरला न्हवं?"

पारूने मान खाली घातली आणि पदर पोटावर ओढला.

गरोदर बाईचा अर्ज वेगळा असतो. तिथेच उंबऱ्यावर बसून मी तो लिहिला आणि पारूचा अंगठा घेतला. सुकडीत खंड पडणार नव्हता. सासूचा जीव भांड्यात पडला. "चटनी वाटते, खाऊन जावा," म्हणत तिने कुंची सोडली आणि वरवंटा दोन्ही हातांनी उचलून परसातल्या पाट्याशी नेला.

वर्षानुवर्षे वाटून पाट्याला मधोमध घळ पडली होती, त्याच वरवंट्याने पाडलेली. सासूने तो घळीत ठेवला. बसेना. फिरवून ठेवला. बसेना. दोन्ही कडांवर तो अधांतरी टेकून राहिला, खाली बोट जाईल एवढी फट.

"दुसरा असेल," मी म्हणाले.

"दुसरा कुठला? माज्या सासूपासून ह्योच हाय." तिने त्यावर हात फिरवला. मग तो पुन्हा आत नेला, कुंची घातली आणि पाळण्याला झोका दिला.

दुसऱ्या दिवशी मी काटा नगरला पाठवून तपासून घेतला. काट्यात दोष निघाला नाही.