नीलसनबाईंची पट्टी

मार्बरीच्या नगरपालिकेने १९२१ साली ठराव केला, की सार्वजनिक नृत्यगृहात स्त्री-पुरुषांनी नाचताना एकमेकांत सहा इंच अंतर राखावं. अंतर मोजायलाही माणूस लागतो, हे ठराव झाल्यावर ध्यानात आलं. ते काम थोरा नीलसन या विधवाबाईंकडे गेलं. कारण चर्चमध्ये त्या पहिल्या बाकावर बसत आणि त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

पाच वर्षं दर शनिवारी संध्याकाळी बाई लाकडी पट्टी घेऊन गावातल्या एकुलत्या एक नृत्यगृहात फिरल्या. नियम त्यांनी कधी सैल केला नाही. सॅक्सोफोन रंगात आला आणि एखादी जोडी चिकटली, की पट्टी मध्ये सरकवून त्या म्हणत, "जरा मागे. पळून जात नाहीये तो." देशभर दारूबंदी होती, त्यामुळे एखाद्याच्या तोंडाला चोरट्या व्हिस्कीचा वास आला, तर त्याला कॉलर धरून बाहेर काढत आणि त्याच्याबरोबरच्या पोरीला स्वतः घरी पोचवत. पोरी बहुतेक मांसाच्या कारखान्यातल्या. सहा दिवस सॉसेजसाठी आतडी धुवायची आणि शनिवारी रेशमी मोजे चढवायचे.

१९२६ च्या मार्चमध्ये नृत्यगृहाचा वर्षाचा परवाना संपत आला, तेव्हा नगरसेवक अँब्रोज ट्रॅस्क यांनी ते बंदच करायचा प्रस्ताव आणला. जाझमुळे तरुण पिढी रसातळाला चालली होती. कोणत्या वाटेने, ते त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं. साक्षीला नीलसनबाईंना बोलावलं. त्या आपल्याच बाजूने बोलणार, याबद्दल ट्रॅस्क निर्धास्त होते.

सभागृहाच्या पायरीवर व्हर्ना कोझेल ही कारखान्यातली पोरगी बाईंना आडवी आली.

"बाई, हे बंद पडलं तर आम्ही नदीपलीकडच्या गुत्त्यावर जाणार हं. तिथे दारू मिळते, आणि मोजायला कुणी येत नाही."

"धमकी देतेस?"

"छे हो. पत्ता सांगतेय."

"पत्ता मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी दोघींना तिथून उचलून आणलंय."

आत ट्रॅस्क म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा. आमच्या काळी वॉल्ट्झ होता. केवढं सभ्य अंतर!"

"केवढं?"

"हातभर तरी."

"दाखवता?"

ट्रॅस्कना आपल्या वॉल्ट्झचा भारी अभिमान. ते तडक उठले, बाईंच्या कमरेवर हात ठेवला आणि गुणगुणत दोन गिरक्या घेतल्या. तिसरीला बाईंनी पट्टी काढून मध्ये धरली.

"साडेतीन इंच," त्या म्हणाल्या. "पोटाचा इंच माफ केला, तरी साडेचार."

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. हसू ओसरेपर्यंत थांबून त्या म्हणाल्या, "हे दार लावलंत म्हणून पोरी नाचायच्या थांबणार नाहीत. जिथे नाचतील, तिथे मी नसेन. एवढाच फरक पडेल."

मतदान झालं, पाच विरुद्ध चार. परवाना वर्षभरासाठी वाढला. पुढच्या मार्चला पुन्हा हाच तमाशा होणार होता.

बाहेर व्हर्ना नखं खात उभी होती. "काय झालं?"

"शनिवारी सातला ये," बाई कोटाची बटणं लावत म्हणाल्या. "आणि तो तुझा नवा ट्रकवाला, त्याला आधी माझ्यासमोर उभा कर. तोंडाचा वास घेतल्याशिवाय आत सोडायची नाही मी त्याला."