सहीशिवायचं टपाल

"पोचलं म्हणतोस, मग सही कुणाची घेतलीस?"

ईमेल पाठवलं की पोस्टमनकाका दर वेळी हेच विचारायचे. दोन हजार साल उलटलं होतं, पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळ माझं इंटरनेटचं दुकान होतं. काका टपालखात्यातून निवृत्त झालेले. डोंगरावरच्या वाड्यांतल्या आयाबायांचे निरोप ते डोक्यात भरून आणायचे आणि मी ते त्यांच्या मुंबई-मस्कतच्या मुलांना धाडायचो. काका चपला बाहेर काढून, टोपी सारखी करून कॉम्प्युटरसमोर बसत. पडद्याआड साहेब बसलाय की काय, असं वाटावं!

मुलांचे ईमेलचे पत्ते काकांनीच जमवून माझ्याकडे ठेवलेले. शेजारच्या हॉटेलवाल्यानं एकदा एक मागितला, तर म्हणाले, "पत्ता म्हंजे माणसाचं दार रे. असं कुणालापण दाखवायचं नाय."

ती सगळी दारं एका दुपारी मीच उघडी टाकली. ईमेलसोबत आलेली एक फाइल मी उघडली, तो निघाला व्हायरस. त्यानं सगळे पत्ते उपसले आणि एकाच्या नावानं दुसऱ्याला पत्रं धाडायला सुरुवात केली.

घाबरत काकांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "एवढी वर्षं नोकरी केली, एक पत्र चुकीच्या घरात टाकलं नाय." उठून पोस्टात गेले, कार्डांचा गठ्ठा आणला आणि प्रत्येक मुलाच्या घरच्या पत्त्यावर स्वतः लिहिलं : 'ओळखीच्या नावाने आलेले पत्र उघडू नये.' कार्डं पोचेपर्यंत सगळ्यांचं सगळं उघडून झालं होतं.

त्यात जवळच्याच उमरठ गावचे दोन भाऊ होते. थोरला मुंबईला, धाकटा मस्कतला. घराच्या वाटणीवरून बोलणं बंद. आईची खुशालीसुद्धा दोघांना वेगवेगळी कळवावी लागे. व्हायरसनं थोरल्याच्या नावानं धाकट्याला इंग्रजीत विचारलं, 'कसा आहेस?' धाकट्यानं थोरल्याला उत्तर लिहिलं, 'मी बरा हाय, दादा. तू कसा?'

थोरल्यानं दुकानात फोन केला. "काका, मी त्याला काय लिवलंच नाय. तुम्ही लिवलंत काय?"

मी खुणेनं सांगत होतो, हो म्हणा, हो म्हणा!

"नाय," काका म्हणाले. "मी नाय, तूपण नाय. कॉम्प्युटरला रोग झाला, त्यानं लिवलं. पण उत्तर तुझ्या भावानं लिवलंय. त्याला जबाब दे."

त्या मे महिन्यात दोघं भाऊ उमरठला आले. काका जेवायला जाऊन आले आणि खुशीत म्हणाले, "भांडतायत!"

"परत?"

"आईला कोण नेणार, त्यावरनं. म्हातारी म्हणते, मी कुठं येत नाय."

पुढच्या वर्षी काका गेले. थोरला मुंबईहून खांदा द्यायला आला. स्मशानातून परतताना माझ्या दुकानात आला, "धाकट्याला कळव," म्हणाला. मी बसलो, पण पहिलं वाक्य काही सुचेना. त्यानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"ऱ्हाऊ दे. मीच लिवतो," म्हणाला आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधू लागला.