भाकरीच्या गठ्ठ्यातले पासपोर्ट
आज प्रवासासाठी कडक भाकऱ्या कापडात बांधताना ज्वारीचा खरपूस वास आला आणि वीस वर्षांपूर्वीचा श्रीलंकेचा समुद्र आठवला. नवीन लग्न झालेलं. भाड्याच्या मोटरसायकलवरून आम्ही दोघं किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरत होतो, एका हाताला नारळाची झाडं, दुसऱ्या हाताला निळंशार पाणी. खर्च नको म्हणून हुबळीहून नेलेल्या पातळ कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीवरच भागवायचो. चौथ्या दिवशी चहा पिऊन तासभर पुढं आल्यावर मी विचारलं, "अहो, भाकरीचा गठ्ठा कुठाय?" "त्या चहावाल्या अक्काला देऊन टाकला. कंटाळा आला बघ भाकरीचा." मी ओरडलेच, "त्यात आपले पासपोर्ट होते! भाकरीत कोण चोर हात घालणार, म्हणून मीच ठेवले होते." तशीच गाडी मागं वळवली. टपरीवर बघतो तर अक्का आमच्या भाकऱ्या पापड समजून तळत होती, आणि पासपोर्ट बिस्किटांच्या बरणीत जपून ठेवलेले! जीव भांड्यात पडला. हे मटकन बाकावर बसले आणि तिनं पुढं केलेली तळलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली. आज मी गठ्ठा बांधून ठेवला, तर यांनी काही न विचारता गाठ सोडली आणि एकेक भाकरी उचलून बघितली.