चावी माझ्याकडे होती

भानुदासकाका. पन्नाशी ओलांडलेले, कवठे महांकाळ ते सांगली वडापची, म्हणजे वाटेत प्रवासी भरत जाणारी, जीप चालवणारे. मागच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेनऊ, आणि त्याच्या पुढचा अख्खा रविवार. अन्याय झाला तो त्यांच्यावर, केला तो मी. त्यांचं आडनाव इथं लिहीत नाही. एकदा लिहिलंय, जाड ठशात. तेवढं पुरे.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेत नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही. मला संघटनेची पत्रकं लिहायची सवय आहे. वर मथळा, खाली तीन सवाल, शेवटी ‘जाब द्या!’ पण हे तसं लिहायला बसले की पहिल्याच सवालाशी अडते. जाब कुणी द्यायचा?

तर शनिवार. नागपूरहून मॅडमना घेऊन मी विमानानं पुण्याला उतरले. मॅडम म्हणजे निवृत्त प्राध्यापिका, आमच्या रविवारच्या सभेच्या मुख्य वक्त्या. सभा सांगलीत, सकाळी दहाला. विषय — बायकांचा सुरक्षित प्रवास. मॅडमसाठी तिथंच विश्रामबागेतल्या एका हॉटेलात खोली सांगून ठेवली होती. विमान साडेपाचला उतरलं. बाहेर काका उभे होते, आमच्याच एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर ‘म्याडम नागपूर’ असं लिहून कागद छातीशी धरलेला.

“विमानानं लय वाट बघाय लावली वो,” ते मॅडमची बॅग उचलत म्हणाले. “त्यापरीस आमची वडाप बरी. हात केला की थांबती तरी.”

मॅडम हसल्या. मी हसले नाही. मी फोनवर होते.

काका त्या दिवशी पहाटे पाचला घरातून निघाले होते. मला हे माहीत होतं, कारण पुण्याला यायच्या आधी त्यांना फलटणला मीच धाडलं होतं — तिथल्या कारखान्याच्या कामगारांत वाटायचे पत्रकांचे गठ्ठे घेऊन. एका फेरीत दोन कामं. त्या गठ्ठ्यांवर काय छापलं होतं? ‘आठ तासांवर राबवून घेणारा तो चोर.’ मजकूर माझाच. हे आत्ता मांडून दाखवतानाही वाटतंय की मी परत शब्दांचाच खेळ करतेय.

शिरवळ गेलं, खंबाटकी घाट आला. घाट उतरताना गाडी एकदा डावीकडं घसरत गेली आणि खडखडत परत रस्त्यावर आली. मॅडम पेंगत होत्या, त्यांना कळलं नाही. मला कळलं. आरशात काकांनी माझ्याकडं पाहिलं.

“ताई, डोळं मिटाय लागल्यात. साताऱ्यात थांबू. पहाटं सा वाजता निघू, धाच्या आत सांगलीत.”

“काका, थांबायचं नाही. खोली सांगलीत आहे. चहा घ्या आणि चला.”

“च्या दोनदा झाला. आता च्यानं न्हाई भागायचं.”

मी उत्तर दिलं नाही. खिडकीतून बाहेर बघत बसले. माझं गप्प बसणं त्यांनी होकार धरलं, की नकार ओळखूनही आमचा जीव वाचवला? मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे घाटातली गोष्ट बोलावी लागली असती.

साताऱ्याला गाडी महामार्ग सोडून आत वळली आणि मॅडम दचकून जाग्या झाल्या. बाहेर अंधारी गल्ली. “सांगली आली?”

“न्हाई, म्याडम. सातारा.”

मॅडमनी माझं मनगट धरलं. नखं रुतली. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “तू सांगितलंस याला इथं आणायला?”

मी म्हणाले — “नाही.”

हे खोटं होतं का? मी ‘थांबा’ म्हणाले नव्हते, हे खरंच आहे. पण ते का थांबतायत हे मला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं: मॅडम, त्यांना झोप येतेय. सहा महिने झाले, मी ते वाक्य मनात म्हणून बघते. किती सोपं आहे. तेव्हा का निघालं नाही? मीही घाबरले होते का? दोन मिनिटं — हो, कदाचित. काकांना नव्हे. मग कशाला? खरंच सांगते, मला माहीत नाही.

काकांनी मॅडमचा चेहरा आरशात पाहिला असणार. गाडी एका लॉजच्या दारात उभी राहिली. खाली खाणावळ, दोन-तीन कुटुंबं जेवत बसलेली. काका उतरले, चावी काढली, वळसा घालून माझ्या खिडकीशी आले आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती.

“ही तुमच्यापशी ऱ्हाऊ द्या. आता गाडी बी तुमच्या हातात, आन् मी बी कुठं जात न्हाई. आवं म्याडम, माझी पोरगी बी विश्रामबागला कॉलेजात हाय. निवांत झोपा.”

आम्ही निवांत झोपलो.

सकाळी सहाला दारावर टकटक झाली. “ताई, सा वाजलं.” मी पांघरुणातूनच म्हणाले, “अर्ध्या तासात येते.” आणि झोपून गेले. दुसऱ्यांदा दार वाजवायला ते आले नाहीत — बायकांची खोली. उठले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मॅडम आवरून बसलेल्या. त्यांना वाटलं, वेळ मी ठरवलीय.

खाली आलो तर काका जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर, कानाला मफलर गुंडाळून. तेव्हा डोक्यात उजेड पडला. रात्री उतरल्यावर गाडीला कुलूप मीच लावलं होतं. त्यांची गोधडी गाडीत. चावी माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या उशाखाली. आणि बाहेर साताऱ्याचा डिसेंबर. मला बघून ते उठले आणि काय म्हणाले? “झोपलासा न्हवं बेस?”

सांगलीत पोचलो पावणेबाराला. हॉल अर्धा रिकामा. मागून कुणीतरी ओरडलं, “दहा म्हंजे किती वाजता वो?” लोक हसले. मला हसलेलं सहन होत नाही. मी माईक घेतला आणि म्हणाले, “काल रात्री आम्हाला साताऱ्यात अडकवून ठेवलं होतं. ड्रायव्हरनं.”

मग खुर्च्या सरकल्या, उठून गेलेले दारातून परत आत आले. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं — आणि मान डोलावली. त्या खरोखर घाबरल्या होत्या. त्यांची भीती खोटी नव्हती. इथं माझा गुंता होतो. भीती खरी आणि आरोप खोटा, असं असू शकतं? असू शकतं. मी तो आरोप केलाय. बाहेर काका तेव्हा जीपची काच पुसत होते.

आमच्या संघटनेत एक रीत आहे: नाव घेतल्याशिवाय पत्रक काढायचं नाही. भित्री माणसं ‘काही जण’ लिहितात, आम्ही नाव लिहितो. या रीतीचा मला गर्व होता. संध्याकाळपर्यंत पत्रक तयार. त्यात सातारा होता, अंधार होता, दोन बायका होत्या, काकांचं पूर्ण नाव आणि जीपचा नंबर होता. फलटण नव्हतं. घाट नव्हता. सकाळचे साडेआठ नव्हते. चावी नव्हती.

चिकटवलंही मीच. महांकाळच्या एसटी स्टँडवर, विश्रामबागेत कॉलेजच्या गेटजवळ. आठवड्याभरात बायका काकांच्या जीपमध्ये बसेनाशा झाल्या. पुरुष बसायचे ते टोमणा मारायला: “काय गड्या, आज सांगली का सातारा रं?” जानेवारीत त्यांनी वडाप सोडली. आता द्राक्षांच्या पेट्यांचा टेम्पो चालवतात. पेट्या घाबरत नाहीत.

त्याच महिन्यात त्यांची मुलगी आमच्या ऑफिसच्या दारात आली. हातात ते पत्रक, गेटवरून सोललेलं, कोपरे फाटलेले. आत ये म्हणाले तर आली नाही. उभ्यानंच विचारलं, “ताई, चावीचं का लिवलं न्हाईसा?”

मला माझं उत्तर शब्दन् शब्द आठवतंय. म्हणाले, “हा प्रश्न एका माणसाचा नाही.”

ती म्हणाली, “आमच्या घरात हाय की. एकाच माणसाचा.”

कागदाची घडी घातली आणि गेली. पत्रक मला दिलं नाही, फाडलंही नाही. मी मागं धावले का? नाही. आत जाऊन पुढच्या पत्रकाचा मजकूर लिहिला.

काका मला अजून भेटतात, रस्त्यावर, टेम्पोतून. हॉर्न वाजवत नाहीत, तोंडही फिरवत नाहीत. ते समोर आले की मीच फोन कानाला लावते. कुणाशीही बोलत नसते.

मला समजून घ्या म्हणत नाही. बायकांच्या प्रवासावरची आमची मागणी खरी होती, आहे, पण तिच्या आड मी उभी राहणार नाही. झोप माझी लागली आणि नाव त्यांचं छापलं.

तुम्हाला मात्र एक काम सांगते. ते पत्रक अजून दुकानाच्या शटरवर, स्टँडच्या खांबावर असेल. फाडू नका. फाडलं की मी सुटते. खाली पेनानं, मोठ्या अक्षरांत लिहा: चावी तिच्याकडे होती. खाली तिचं नाव लिहा — माझं, पत्रकाच्या तळाशी छापलंय तेच, पूर्ण, आडनावासकट. आणि जिथं होतं तिथंच राहू द्या.