लुगड्याच्या घडीतला कागद

थोरल्या जावंचं आन माझं घर एकमेकाला लागून हाय. भूकंपानंतर सास्तूरला नव्या घरांच्या ओळी पडल्या, तवा दोघींला शेजारीच घरं मिळाली. पर महालक्ष्म्या तिच्याच घरी बसत्यात. सासूनं तिच्या हवाली केल्या तवापासनं. म्या जायचं, पुरण वाटायचं, भांडी घासायची, आन सांजच्याला बाया आल्या की त्येंनी "काय आरास केलीय वं बाई" म्हनून तिलाच म्हनायचं. इतक्या वरसांत महालक्ष्म्यांम्होरं माझ्या हातची एक वस्तू कदी मांडली न्हाय. एकदा तरी मांडावी, येवढंच मनात हुतं.

यंदा सणाला तिची नात आली. लातूरला नर्सिंग शिकती. येताना रंगीत कागदाचं पुडकं घेऊन आली. चौकोनी कागद, एका अंगानं रंग, दुसऱ्या अंगानं पांढरा.

"आज्ज्यांनो, यंदा थर्माकोल न्हाय. कागदाची कमळं करायची. ओरिगामी म्हणतात त्याला. कात्री न्हाय, डिंक न्हाय, नुसत्या घड्या."

मोठ्या आज्जीला तिनं सरळ गुलाबी कागद दिला. मला म्हनली, "बारकी आज्जी, तू आधी पेपरवर हात बसव. रंगीत थोडेच हायेत."

लागलं मला. कागदाच्या घड्या म्या काय कमी घातल्या व्हय? आमचे मालक अंथरुणाला खिळले तवा दिवसभर साखर कारखान्यासाठी रानात ऊस तोडायचा, आन घरी आलं की दुकानदाराच्या पिशव्या चिटकवायच्या. मिठाला दुहेरी पेपर, गुळाला शिमिटाच्या गोणीचा खाकी कागद. पोरांची पोटं त्याच्यावर भरली. थोरलीचे मालक कारखान्यात कायम नोकरीला, तिला कसली पिशवी न् कसलं काय. आन रंगीत कागद तिला!

चारी कोपरे मधी आणायचे, परत आणायचे, परत आणायचे. मंग उलटं करून आणखी एकदा. मंग मागच्या पाकळ्या एकेक करून वर वळवायच्या. माझा पेपर तिसऱ्याच पाकळीला टरकन फाटला. बोटं काळी झाली ती येगळीच.

थोरलीचं कमळ उभं राहिलं. नातीनं फोटू काढला. थोरली माझ्याकडं बघून म्हनली, "धाकले, मिठाची पुडी न्हवं गं, कमळ करायचंय."

म्या उठले. घरी गेले आन गेल्या साली आलेलं जाड कॅलेंडर घेऊन आले. मनात म्हनलं, जाड कागद फाटायचा न्हाय. पर तिसऱ्या घडीला त्याची वीटच झाली. दाबलं तर घडीवरचा रंग उडून पांढऱ्या भेगा पडल्या.

नात हसली. "आज्जी, जाड कागद डबीला चांगला. उड्या मारणारा बेडूक करतात, त्याला बी जाडच लागतो, दाबला की उसळी मारतो. करकोच्याला पातळ पर कडक. कमळात घडीवर घडी बसती, म्हनून कागद पातळ पायजे, आन वळवताना फाटू नये असा चिवट."

"मंग पतंगाचा?"

"तो लई मऊ. पाकळ्या मान टाकतात."

थोरलीची तोवर दोन कमळं झाली हुती.

तेवढ्यात तिच्या ल्योकानं सोलापूरहून आणलेलं लुगडं नातीनं बघायला काढलं. वांगी रंगाचं, जरीचा काठ. पिशवीतनं बाहेर काढलं तर आतनं सळसळ आवाज आला. लुगड्याच्या घडीत पांढरा बटर पेपर हुता. पातळ, पर चिवट. माझी नजर लुगड्यावरनं हलंना. नातीला वाटलं, आज्जीला रंग आवडला.

नवं लुगडं पयल्यांदा नेसायचं म्हंजी घडी मोडायची. ज्या बाईवर जीव असतो तिला आपलं लुगडं घडी मोडायला देत्यात. सासू तिची सगळी लुगडी थोरलीला द्यायची. इतकंच काय, माझ्या माहेरचं लुगडं बी आधी थोरलीला नेसवायची, मंग माझ्याकडं यायचं, चुरगळलेलं. मला कुणी कदी घडी मोडायला दिली न्हाय.

म्या थोरलीला म्हनलं, "बाई, त्या लुगड्यातला कागद देता का मला?"

"आगं, मंग घडी मोडंल की त्याची."

"मोडंल."

ती तोवर कणीक मळायला बसली हुती, हात कणकीत हुते. तिनं आधी लुगड्याकडं बघितलं. मंग म्हनली, "मोड बाई. पर काठाला वढू नगंस."

म्या हात धुतले, पदराला पुसले. एकेक पदर उलगडला. नव्या लुगड्याचा वास आला. कागद काढून घेतला, घडी घालून, नखानं दाबून चौकोन फाडला. चारी कोपरे मधी, परत, परत. शेवटची पाकळी वळवताना जीव मुठीत हुता. फाटली न्हाय. कोरडं कुंकू बोटानं पाकळ्यांच्या टोकाला लावलं.

नात म्हनली, "हे म्होरं ठेवायचं."

सांजच्याला बाया आल्या. थोरली तेच वांगी लुगडं नेसून बसली हुती. घडी म्या मोडली, पर अंगावर तिच्या.

"आगंबया, ते पांढरं कमळ कुणी केलं वं?"

म्या तोंड उघडलं तर थोरलीच बोलली, "माझ्या लुगड्यातल्या कागदाचं हाय ते. ल्योकानं आणलं न्हाय का सोलापूरहून, हेच." झालं. सगळ्या बाया लुगडं चाचपायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. थोरलीनं ते कमळ उचलून आपल्या काचंच्या कपाटात ठेवलं.

"बाई, कमळ माझं हाय."

"आन कागद कुणाचा गं?"

नात गालात हसली. म्या परातीतली भांडी घेऊन मोरीत गेले.

कमळ आजून तिच्याच कपाटात हाय. म्या रोज सकाळी इरजण मागायला जाते आन काचंतनं बघून येते, पाकळ्यांला तिनं हात तर लावला न्हाय ना. इरजण माझ्या घरी बी असतं.