मलम्याखालची भेग

आमचं घर विहिरींच्या मागं फिरायचं. जिथं विहीर खोदायची तिथं वडील पाल (काठ्यांवर ताणलेल्या कापडाची झोपडी) ठोकायचे. वडील आणि चुलते खाली उतरायचे, आई आणि काकू वर आलेलं टोपलं रिकामं करायच्या. पिण्याचं पाणी मात्र आम्ही लांबून दुसऱ्याच्या विहिरीवरून आणायचो, कारण आमच्या विहिरीला पाणी लागलं की आमची तिथून निघायची वेळ झालेली असायची. मी सहावीत असताना केजकडच्या एका विहिरीचा कडा चुलत्यांच्या अंगावर आला. त्यांचा देह वर काढेपर्यंत आईनं आम्हा भावंडांना पालाबाहेर पडू दिलं नाही, आणि त्यानंतर वडिलांना कधी विहिरीत उतरू दिलं नाही. वडील बीडला कापसाच्या जिनिंगवर हमाली करू लागले. घरात बऱ्याचदा एकच वेळ चूल पेटायची, पण शाळा एका गावात टिकली. मी शिकले ती त्यामुळं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला कसला संकोच वाटत नाही.

आता मी पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीत संशोधन करते. खोदकाम चालू असलेल्या विहिरीचा कडा कधी आणि का ढासळतो, हा माझा विषय. प्रयोगशाळेत आम्ही काचेची भिंत असलेल्या लोखंडी टाकीत माती ठासून भरतो, तिच्यात हातभर खोल विहीर करतो, काठावर वजनं ठेवतो, पाणी भरतो, पाणी काढतो आणि काचेतून कडा कसा सरकतो ते बघतो. तीच विहीर दुसरीकडं संगणकात उभी करतो. जमिनीचे हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकावर किती भार येतो, तो कुठं हलतो, हे संगणकाला मोजायला लावायचं. याला आम्ही सिम्युलेशन म्हणतो. माझी अडचण अशी होती की टाकीतली विहीर दरवेळी पाणी काढल्यावर पडायची आणि संगणकातली उभीच राहायची.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पुण्याच्या मातीवर किती दिवस खेळणार? माणसं मरतात तिथली माती आण."

म्हणून फेब्रुवारीत मी एका पोत्यात लोखंडी नळ्या भरल्या आणि अंबाजोगाईची एसटी पकडली.

कंडक्टरनं पोतं पायानं ढकलून बघितलं. "काय हाय ह्यात, ताई?"

"नळ्या आहेत, रिकाम्या. माती आणायला चाललेय."

"बीड जिल्ह्यात माती आणाया?" त्यानं तिकीट हातात दिलं. "न्या की भरून. तिथं दुसरं काय हाय म्हना."

मागचे दोघं हसले. मीही हसले, पण ते मला आवडलं नाही.

पाटोदा मागं पडलं तसे डोंगर उघडे होत गेले. सीताफळाची झुडपं पानं गाळून नुसत्या काड्या झालेली, माथ्यावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. मांजरसुंब्याला उतरले तेव्हा ढाब्यासमोर ट्रकांची रांग होती. तिथं चहा घेतला आणि गार भजी खाल्ली. तेवढ्यात लिंबाजी मोटरसायकल घेऊन आले. हे वडिलांच्या जुन्या टोळीतले. गेल्या वर्षी एका विहिरीत त्यांचा धाकटा भाऊ आणि आणखी एक गडी दबून मेले होते. तीच विहीर मला बघायची होती.

तिथं आता विहीर नव्हती. एका बाजूनं खचलेला भलामोठा खड्डा होता आणि तळाशी हिरवं पाणी. खचलेल्या बाजूच्या मागंच उरलेला मलमा (विहिरीतून निघालेला दगड-मुरूम) अजून तसाच पडलेला होता.

"सकाळी मोटर लावली," लिंबाजी सांगू लागले. "पानी उपसलं. पुन्हा भरायच्या आत काम उरकावं म्हून समदे लगेच उतरलो. मी तंबाखू इसरलो म्हून वर आलतो. चुना मळत व्हतो. आवाज बी लई मोठा न्हवता."

मी फीत काढून मोजायला लागले. मूळचा काठ कुठं होता, कडा कुठून तुटला, किती उतारानं खाली आला. मग छोट्या उपकरणानं मुरुमाची ताकद तपासली आणि नळ्या ठोकून नमुने घेतले. लिंबाजी फितीचं दुसरं टोक धरून उभे होते.

"आता मोजून काय व्हनार, बाई?"

"दुसरी विहीर पडण्याआधी कळावं म्हणून मोजतेय, काका."

"मोजा मंग," ते म्हणाले. "न्हाईतर ह्या खड्ड्याचा दुसरा काय उपयोग हाय."

जाताना त्यांनी भाऊ नेमका कुठं सापडला ती जागा दाखवली. मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बीडला आले. तिथं आता आमचं कुणी राहत नव्हतं. बसस्थानकाजवळच्या लॉजवर मॅनेजर म्हणाला, "एकट्या बाईला खोली न्हाई." मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. त्यानं पोत्याकडं बोट केलं. मी एक नळी उघडायला गेले आणि निम्मा मुरूम त्याच्या टेबलावर सांडला. त्यानं चिमूटभर उचलला, बोटांत चुरला, वास घेतला आणि चावी दिली. का दिली ते सांगितलं नाही. एक नमुना मात्र वाया गेला.

खोलीत बसून लिंबाजींच्या विहिरीची मापं संगणकात घातली. पहिल्यांदाच संगणकातला कडा टाकीतल्यासारखा वागला. पाणी भरलेलं असेपर्यंत उभा, पाणी काढल्यावर थोड्याच वेळात खाली. कारण सोपं आहे. विहिरीतलं पाणी कड्याला आतून टेकू देतं. ते झपाट्यानं उपसलं की टेकू जातो, पण कडा आतून ओलाचिंब आणि जड तसाच राहतो. त्यात वर काठावर मलम्याचं ओझं. म्हणजे आमची माणसं नेमकी सगळ्यात वाईट घटकेला खाली उतरत होती. आणखी एक गोष्ट दिसली. पडण्याआधी काठापासून पुरुषभर मागं जमिनीला भेग जात होती. लिंबाजींच्या विहिरीवर मलमा बरोबर तिथंच पडलेला होता. भेग गेली असेल तरी कुणाला दिसणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी वडवणी, तेलगाव करत सिरसाळ्याला पोचले. रस्त्याकडेला वीटभट्ट्यांचा धूर, आणि औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्यांनी ज्वारीच्या कणसांवरसुद्धा करडा थर बसवलेला. लिंबाजींनी सांगितल्याप्रमाणे अंगदराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात विहीर चालू होती. टोळीचे मुकादम बाबुराव आणि त्यांची बायको गयाबाई. काठावर त्यांची यारी (खालचा मलमा दोरानं वर उचलणारं लोखंडी यंत्र) उभी होती. यारीचा हात जेवढा लांब, तेवढ्याच अंतरावर मलमा पडतो, आणि तो हात आखूडच असतो.

गयाबाईंनी आधी जेवायला बसवलं. भाकरी, कांदा आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी). मी दुसऱ्यांदा येसर मागितल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्याला उपाशी ठिवतेत का गं तुला?"

जेवणानंतर मी यारीच्या बाजूचा मलमा एका पट्ट्यापुरता बाजूला करायला सांगितलं.

"कावून?" बाबुराव म्हणाले.

"खाली भेग असेल."

"भेग असती तर आमाला दिसली नसती का? मॅडम, मी मिसरूड फुटायच्या आधीपसनं ह्येच करतोय."

"तुम्ही मलमा तिच्यावरच टाकताय, काका. दिसणार कशी?"

गयाबाई उठल्या, घमेलं घेतलं आणि खोऱ्यानं ओढायला लागल्या. मग बाकीच्या बायाही आल्या. जमीन मोकळी झाली तसा एक काळा दोरा दिसला. काठाला समांतर, यारीच्या पायांच्या मागून गेलेला. बाबुरावांनी तुरीची काडी आत घातली. काडी संपली, तळ लागला नाही.

मी तिथंच संगणक उघडला आणि या विहिरीची मापं घातली. उत्तर आलं की अजून बरंच खोल गेलं तरी हा कडा उभा राहील. मी ते लपवलं नाही.

"मग झालं की," अंगदराव म्हणाले. "तुमचंच मशीन म्हनतंय."

"मशीनला इथली माती अजून नीट माहीत नाही. भेग डोळ्यांसमोर आहे. मी भेगेचं खरं धरते."

"थांबलो तर पानी भरंल, कडा आनखी मऊ होईल. तवा पडंल न्हाई का?" अंगदरावांनी विचारलं.

"भरू द्या. भरलेली असताना पडायची भीती कमी आहे. भीती उपसल्यावर आहे. मलमा लांब न्या, यारी पलीकडच्या बाजूला घ्या, आणि पाणी सावकाश काढा."

बाबुराव यारीकडं बघत राहिले. "यारी हलवायची म्हंजे दोन दिस मोडतेत. ते न्हाई जमायचं. पन एक करतो. सकाळी पानी काढल्यावर भाकरी खाऊ. निवांत खाऊ. तवर कुनी उतरायचं न्हाई."

एवढ्यावर तडजोड झाली. मी आणखी भांडायला हवं होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

सकाळी दोन्ही मोटरी लागल्या. तळ दिसला तशी टोळी लांब बाभळीखाली भाकरीची फडकी सोडून बसली. अंगदराव काठाजवळ येरझाऱ्या घालत होते. खालचा झरा त्यांना दिसत होता आणि पाणी पुन्हा चढायला लागलं होतं.

"अर्धा दिस भाकरीतच घालवता का रे?" ते शिडीकडं निघाले. "मीच उतरतो. माजी विहीर हाय."

बाबुराव तोंडातला घास तसाच ठेवून उठले आणि मागून त्यांचा दंड धरला. "विहीर तुमची हाय. इथं मेलात तर नाव माज्या टोळीचं व्हईल."

"सोड बे."

"न्हाई सोडत."

दोघांची ओढाताण चालू असतानाच यारी किंचित वाकली. कुणीतरी दोर सैल सोडावा तशी. बाबुरावांनी अंगदरावांना मागं खेचलं, दोघंही पाठीवर पडले. मग काठाचा अख्खा पट्टा, मलमा आणि यारी सावकाश आत गेली. लिंबाजी म्हणाले होते तसंच, आवाज फार मोठा नव्हता. धूळ मात्र बराच वेळ हलली नाही.

बाबुरावांनी एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. प्रत्येकानं "हाय" म्हटलं. शेवटी त्यांनी माझ्याकडं बघितलं, मीही "हाय" म्हटलं.

गयाबाई मातीत बसल्या. यारीचा एक पाय तेवढा वर दिसत होता. "आता आमी काय करावं?" त्यांनी विचारलं. मला नाही, नवऱ्यालाही नाही. अंगदराव उठले, कपडे न झटकता घराकडं निघून गेले. मी मोजमाप घेतलं. प्रत्येक माप पुन्हा घेतलं. नमुने भरताना बाबुराव मदतीला आले. "यारी हलवा म्हनलं व्हतं तुमी," एवढंच ते बोलले. आठवड्याच्या आत ती टोळी मोडली. निम्मी माणसं जवळच्याच वीटभट्टीवर गेली.

परतीच्या एसटीत पोतं जड झालं होतं. मांजरसुंब्याचा फाटा आला तेव्हा मला खाली उतरून चहाही घ्यावासा वाटला नाही. लोक विचारतात, तुमचा अंदाज खरा ठरला, आनंद झाला असेल. ज्या विहिरीत टोळीची यारी आणि शेतकऱ्याची सगळी मेहनत गाडली गेली, तिच्या काठावर आनंद होत नाही. शिवाय माझा अंदाज अर्धाच खरा होता. पाणी काढल्यावर कडा पडेल हे बरोबर निघालं. किती खोलीवर पडेल, ते साफ चुकलं होतं. ती चूक दुरुस्त करायला मला सिरसाळ्याची माती टाकीत भरून पुन्हा पुन्हा विहिरी पाडाव्या लागल्या.

आता संगणकातली विहीर त्या मातीत तिथंच पडते जिथं खरी पडली. प्रबंध मान्य झाला. बाबुरावांनी दुसऱ्या एका टोळीबरोबर काम धरलं आहे, त्या यारीला लांब हात जोडून घेतला आहे, आणि पाणी उपसल्यावर ते भाकरी खाऊन मगच माणसं खाली सोडतात. त्या सकाळी अंगदरावांच्या विहिरीवर जेवढी माणसं होती, तेवढी सगळी आज जिवंत आहेत.