मंदाच्या पन्नाशीला हैदराबादच

बीड जिल्ह्यातल्या बायांनो, गावभरच्या लग्नांत तुम्ही राबता, पण स्वतःसाठी दोन दिवस मागितले की घरात सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. आज काय झालं ते ऐका.

माझी वर्गमैत्रीण मंदा पन्नाशीची होतेय. आम्ही चौघींनी हैदराबाद ठरवलं. चारमिनारला बांगड्या घ्यायच्या, बिर्याणी खायची आणि दोन दिवस कुणालाही चहा करून द्यायचा नाही.

सकाळी तिकिटं काढायला तिच्या घरी घाटनांदूरला गेले, तर तिचे मालक म्हणतात, "ताई, बायाबायाच कशापायी जायच्या? म्या जीप सांगितली. समदे तुळजापूरला जाऊ."

"आणि वाढदिवस?" मी विचारलं.

"तिथंच करू की! मंदे, दशम्या जास्तीच्या घे, जावई बी येतेत."

मंदानं मान खाली घातली. "जाऊ दे गं. देवाचं हाय, न्हाई कसं म्हणावं?"

माझं टाळकं सरकलं. बाईला सरळ 'जाऊ नको' म्हणायची हिंमत नसली की हे लोक देव आडवा घालतात. यांना भक्ती नको, सोबत फुकटची स्वयंपाकीण हवी. "भावजी, देवीला तुम्ही जा. दशम्याही तुम्हीच थापा," मी म्हणाले आणि तिथंच मोबाइल काढला.

"मंदा, वय काय टाकू?"

ती नवऱ्याकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "टाक पन्नास."

तिकिटं निघाली. भावजी अजून फुगलेलेच आहेत, फुगू द्या.

तुमचीही सहल अशीच अडली असेल, तर आज जेवताना घरात जायची तारीख सांगा. विचारू नका, सांगा.